कोयत्याची पाठ

खंडेनवमीला तारापूर एमआयडीसीत खांडा सोडून बाकी सगळ्याची पूजा होते. लेथला झेंडूची माळ, कॉम्प्रेसरला हळदकुंकू, फोर्कलिफ्टच्या दोन्ही दातांवर कुंकवाची बोटं. कुठे कुठे संगणकाच्या पडद्यालाही गंध लागतं. आदल्या दिवशी बोईसर स्टेशनाबाहेर झेंडूच्या राशी पडतात आणि कंपन्यांच्या गाड्या त्या उचलून नेतात. ज्या हत्याराच्या नावावरून या नवमीला नाव पडलं, ते सरळ, रुंद पातं पूजा करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी फक्त मालिकेत पाहिलेलं असतं. तक्रार म्हणून नाही सांगत. ज्याचं पोट ज्यावर चालतं तो त्याचा खांडा, हा हिशेब आपल्या लोकांनी फार पूर्वीच लावून टाकला आहे.

आमच्या घरी त्या दिवशी पाटावर तीन वस्तू मांडतात. आईची मोरली (तुम्ही विळी म्हणत असाल), वडिलांचा पान्यांचा डबा आणि आजोबांच्या वेळचा कोयता. यंदा पुसायला म्हणून कोयता उचलला तर मूठ माझ्या हातात आली आणि पातं पाटावर राहिलं. पूजा तशीच उरकली आणि दुसऱ्या आठवड्यात तो पिशवीत घालून लोहाराकडे निघाले. संपादकांना माझ्याकडून जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृतींवर लेख हवा होता. कोयत्याला मूठ बसवून घ्यायला निघालेली बाई तलवारीबद्दल काय लिहिणार, असं तुम्हाला वाटत असेल तर थोडा धीर धरा.

लोहाराचं बिऱ्हाड रस्त्याच्या कडेलाच होतं. निळी ताडपत्री, खाली मातीत खणलेली भट्टी, शेजारी कोळशाचं पोतं. चामड्याचा भाता कधीच गेला, आता हाताने फिरवायचा पंखा आहे. ऐरण म्हणून जमिनीत रोवलेला लोखंडाचा ठोकळा. ताडपत्री उन्हासाठी असेल असं मला वाटलं होतं, आणि ती उन्हासाठीच होती, पण माणसाला लागणाऱ्या उन्हासाठी नव्हे. तापलेल्या लोखंडाचा रंग उजेडात दिसत नाही. तांबडा कुठे संपला आणि नारिंगी कुठे सुरू झाला हे सावलीतच कळतं, आणि लोहाराचं सगळं शास्त्र त्या दोन रंगांच्या मधल्या फटीत आहे.

लोहार, म्हणजे मामा, सांडशीत पातं धरून बसले होते आणि त्यांची बायको, म्हणजे मावशी, घण घेऊन उभ्या. भटक्या घिसाडी लोहारांत घण बाईच घालते, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना नवल नाही. बाकीच्यांसाठी सांगते. नवरा हातातल्या लहान हातोडीने लोखंडावर एक टिचकी मारतो. तो घाव नसतो, ती खूण असते. पुढच्याच क्षणी बाईचा घण बरोबर तिथे पडतो. मग पुन्हा टिचकी, पुन्हा घण. बोलणं नाही. हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. टिचकीचा जोर किती, यावरून घणाचा जोर किती हेही ठरतं. हा सगळा व्यवहार कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही. तो दोन माणसांच्या मध्ये असतो आणि त्यातलं एक माणूस उठून गेलं की तिथेच संपतो.

कोयता बनतो ट्रकच्या कमानपाट्यापासून. हे पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं असतं, त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. लाखो खड्डे खाऊनही पाटा वाकून सरळ होतो तो त्यामुळे. भंगारात गेलेला पाटा म्हणजे लोहाराला आयतं, पारखलेलं पोलाद. पूर्वी हे मिळत नसे, तेव्हा मऊ लोखंडाच्या पात्याला धारेपुरती पोलादाची पट्टी आत भरून दोन्ही एकजीव करत. पाठ मऊ, धार कडक. आघात पाठीने सोसायचा आणि कापायचं धारेने. चांगल्या तलवारीचं तत्त्वही याहून वेगळं नाही.

आता पाणी. मराठीत 'पाणी' या एका शब्दाने जेवढं लोहारकाम आपल्या बोलण्यात आणलं आहे तेवढं दुसऱ्या कशानेही नसेल. पाणीदार माणूस, पाणी जोखणं, पाणी उतरणं. यातलं पुष्कळसं या भट्टीशेजारच्या डबक्यातून आलेलं असावं. पातं नारिंगी झालं, म्हणजे साधारण आठशे अंशांच्या पुढे गेलं, की मामा त्याची फक्त धार पाण्यात धरतात, पाठ बाहेर. धार क्षणात काचेसारखी कडक होते, आणि काचेसारखीच ठिसूळही. अशी धार पहिल्याच गाठीवर फुटेल. म्हणून पातं बाहेर काढून विटेवर घासून थोडं उजळ करायचं आणि बघत बसायचं. पाठीत उरलेली धग हळूहळू धारेकडे चालत येते आणि येताना रंग बदलत येते. आधी पेंढ्यासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कोयत्याला तपकिरी-जांभळ्याच्या वेशीवर पुन्हा पाण्यात घालायचं. निळा होऊ दिला तर धार टिकणार नाही. हा प्रवास काही सेकंदांचा. मामांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो भाव होता तो मी शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर पाहिला आहे.

निळ्याचं काय, असं मी विचारलं. निळ्यावर थांबवलं तर पातं लवतं आणि परत सरळ होतं, असं उत्तर आलं. म्हणजे तलवार, म्हणजे दांडपट्टा. तीनशे अंशांच्या आसपासचा तो निळा रंग. मी विचारलंच, मामा, तलवार कराल का? ते हसले. करायला काय, करता येईल, म्हणाले, पण ती करून ठेवायची कुठे?

त्यांनी कायदा वाचलेला नाही, पण तो त्यांना बरोबर कळला आहे. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. त्यात शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत. बिगर-अग्निशस्त्रांच्या वर्गात तलवार, गुप्ती, खंजीर, भाला, परशू आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची इतर हत्यारं येतात. पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा उद्योगाच्या कामासाठी घडवलेलं पातं त्यातून वगळलं आहे. म्हणजे आमचा कोयता नऊ इंचांहून लांब असूनही शस्त्र नाही, कारण त्याने झाडाच्या फांद्या तोडतात. त्याच पाट्याचं, त्याच भट्टीतलं, त्याच हाताने घडवलेलं दुसरं पातं सरळ ओढलं आणि त्याला परज असलेली मूठ लावली की ते परवान्याच्या आणि पोलिसांच्या कक्षेत येतं. लोखंडाला हा फरक माहीत नाही. कायदा पातं ओळखतो ते त्याच्या हेतूवरून.

हा कायदा चुकीचा आहे असं म्हणायला मी धजत नाही. मिरवणुकीत नाचवलेल्या आणि पार्सलमधून पकडलेल्या तलवारींच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. पुण्यात तर २०२२ च्या अखेरीस पाळी कोयत्यावर आली, आणि तो विकत घेणाऱ्याकडे दुकानदाराने आधार कार्ड मागावं, अशी सूचना पोलिसांना करावी लागली. इकडे जव्हार-विक्रमगडच्या वाटेवर वारली म्हातारा कमरेच्या आकडीत कोयता अडकवून एसटीत बसतो आणि कंडक्टर त्याच्याकडे पाहतही नाही. पालघरचा कोयता अजून अवजारच आहे. राबासाठी झाडाच्या फांद्या उतरवायच्या, कुंपणाची काटी तोडायची, नारळ सोलायचा, बांबू चिरायचा. आदिवासी घरात तो दाराच्या आत, हाताशी टांगलेला असतो. पुण्याच्या बातमीतला कोयता आणि हा कोयता यांचं नाव एक आहे, बाकी काही नाही.

मागणी नाही असं मुळीच नाही. 'तान्हाजी', 'पावनखिंड', 'छावा' या चित्रपटांनंतर आणि शिवजयंतीच्या वाढत्या मिरवणुकांमुळे तलवारीसारखं दिसणारं काहीतरी हवंच असतं. ते कुठून येतं? बहुतेक वेळा स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यातून यंत्राने कापलेलं, चकचकीत घासलेलं, ओतीव पितळी मूठ बसवलेलं. पत्रा सगळीकडे सारख्या जाडीचा असतो. इथेच सगळं बिनसतं. खरं पातं मुठीजवळ जाड असतं आणि टोकाकडे पातळ होत जातं. हे पातळ होणं समोरून दिसत नाही. फोटोत तर नाहीच. ते हातात कळतं. पत्र्याची तलवार हातात घेतली की टोक खाली जातं आणि मनगट तक्रार करतं. मग लोक म्हणतात, आपले पूर्वज केवढे बलदंड, एवढ्या जड तलवारी पेलायचे! नाही हो. जुनी तलवार साधारण एक किलोच्या आसपास असते, पुष्कळदा त्याहून हलकी. पूर्वज बलदंड असतीलही, पण त्यांचे लोहार त्याहून हुशार होते. पात्याच्या लांबीवर कोरलेली पन्हळ रक्त वाहून जायला असते हीसुद्धा अशीच एक सांगोवांगी. ती वजन कमी करायला असते आणि तरी पात्याचा ताठपणा राखते.

मुठीचंही तसंच. आपल्याकडच्या तलवारीची मूठ, परज आणि मागची वाटी असा सगळा पोकळ धातूचा एक सांगाडा असतो. पात्याचं निमुळतं शेपूट त्यात घुसतं, आणि मधली पोकळी लाख-राळेच्या गरम लगद्याने भरतात. थंड झाला की तो दगडासारखा धरतो, आणि पातं मोडलं तर गरम करून मूठ सोडवताही येते. आजची बाजारू तलवार मात्र बोल्ट आवळून किंवा वेल्डिंगचा टाका मारून बसवलेली असते. आमच्या कोयत्याचं शेपूट आजोबांनी कधीतरी लाखेनेच बसवलेलं होतं. मामांनी जुनी लाख खरवडून दाखवली. तिवसाच्या लाकडाची नवी मूठ, तोंडाशी लोखंडी शेंबी आणि आत वितळलेली लाख. तलवारीची मूठ याच रीतीने बसते. माझी पिशवी दहा मिनिटं बाजूला पडून होती आणि मी संपादकांचा लेख समोर घडताना बघत होते.

नक्कल हा शब्द आपण जरा खालच्या आवाजात उच्चारतो. या किनाऱ्यावर तरी तसं करण्याचं कारण नाही. वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाकडून पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली. ही मधली दोनशे पाच वर्षं या पट्ट्यात, माहीम-केळवे-शिरगाव-तारापूर-डहाणूपर्यंत, फिरंग्यांचे कोट उभे होते. तारापूरच्या कोटाला मराठ्यांनी जानेवारी १७३९ मध्ये सुरुंगांनी खिंडार पाडलं, आणि त्या लढाईत मराठा सरदार बाजी भीवराव रेठरेकर पडला. आज त्या तटाच्या आत वाडी आहे, आणि बाहेर समुद्राचा वारा.

लढाया झाल्या, पण त्याआधी आणि त्यानंतर व्यापारही झाला. युरोपातून आलेली लांब, सरळ पाती आपल्याकडे इतकी आवडली की त्यांना आपली मूठ लावून जो नवा प्रकार झाला त्याचं नावच फिरंग पडलं. ज्यांच्याशी लढायचं त्यांच्याच नावाची तलवार कमरेला. महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार घेतली, तिच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत मालकाचं नाव आहे आणि पुढे 'फिरंग' हा शब्द. पातं युरोपचं, मूठ इथली.

पण सगळी पाती युरोपची नव्हती. मागणी जास्त, माल कमी. मग आपल्या लोहारांनी ती इथेच करायला घेतली, आणि गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून युरोपी कारागिरांचे शिक्केही ठोकले. इटलीच्या जेनोआकडच्या पात्यांवर दोन समोरासमोर वाकलेल्या, दातेरी चंद्रकोरींसारखी खूण असे. ती खूण हिंदुस्थानापासून कॉकेशसपर्यंत लोहारांनी मनसोक्त उचलली. जुन्या शस्त्रांचे अभ्यासक त्या खुणेला विळ्याची खूण म्हणतात. तेव्हा ऐतिहासिक शस्त्रांची प्रतिकृती हा धंदा आपल्याकडे निदान तीनशे वर्षांचा आहे, आणि त्याच्या पहिल्या नकली शिक्क्यावरही विळाच होता.

प्रतिकृती आणि बनवेगिरी यांच्यातली रेघ मात्र ओढायला हवी. नवी तलवार आम्लात बुडवून, मातीत पुरून, गंज चढवून जुनी म्हणून विकणारे आजही आहेत. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, त्यांतल्या ठरावीक प्रकारांची नोंदणी लागते, परदेशी नेता येत नाहीत. नकली जुनेपणाचा हा उद्योग खऱ्या कारागिराला दोन्हीकडून मारतो. त्याचं काम चांगलं झालं तर ते त्याच्या नावावर विकलं जात नाही, आणि वाईट झालं तर पोलिसांना सापडतो तो तोच. चांगल्या प्रतिकृतीवर करणाऱ्याचं नाव आणि साल ठोकलेलं असावं, धार बोथट असावी आणि त्याची किंमत नव्या वस्तूची असावी, एवढं पुरे.

या सगळ्या कामाला लागणारे हात याच तालुक्यांत विखुरलेले आहेत, हे मला फिरताना कळलं. चिंचणी-तारापूर-वाणगावच्या पट्ट्यात घराघरांतून डायमेकिंग चालतं. दागिन्यांचे ठसे. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने, भिंग डोळ्याला लावून, नक्षी उलटी आणि खोलगट कोरायची. सोनार त्यावर पत्रा दाबतो तेव्हा ती सुलटी, उठावाची येते. फूल खड्ड्यासारखं बघायची सवय डोळ्याला लागायला वर्षं जातात. आता संगणकावर चालणारी यंत्रं हेच काम करतात आणि मुलगा बापाच्या बाकावर बसत नाही. तलवारीच्या मुठीवरच्या वेलबुट्ट्या, पात्यावर सोन्याची तार बसवायला आधी कोरायच्या बारीक रेघा, हे काम करू शकणारा हात महाराष्ट्रात शोधायचा तर मी आधी चिंचणीला जाईन. त्या बाजूला एमआयडीसीत पोलाद आहे, ते दर अंशाला मोजून तापवणाऱ्या भट्ट्या आहेत, कडकपणा मोजायची यंत्रं आहेत. मधे ताडपत्रीखाली मामा-मावशी. तिघांच्या मध्ये वीसेक किलोमीटरसुद्धा नाहीत, आणि एकाला दुसरा माहीत नाही.

जिथे हा धंदा टिकला तिथे तो कशावर टिकला? देहरादूनची विंडलास कंपनी १९४३ मध्ये उभी राहिली ती गुरखा पलटणींसाठी खुकरी करायला. आज त्यांच्याकडे घडलेल्या रोमन, वायकिंग, नाइटांच्या तलवारी अमेरिकेतल्या शौकिनांच्या भिंतींवर असतात. पाया खुकरीचा. आणि खुकरी म्हणजे काय? नेपाळी डोंगरी माणसाचा कोयताच तो, लाकूड फोडायचा आणि बोकड कापायचा. रोजच्या हत्याराने हात तयार ठेवला म्हणून वर्षाकाठची तलवार करता आली.

जपानने दुसरी वाट धरली. तिथे तलवार करणाऱ्याला पाच वर्षं गुरूकडे उमेदवारी आणि मग सरकारी परीक्षा. परवाना मिळाल्यावरही लांब तलवारी महिन्याला दोनच. घाई नको, म्हणून. त्यांना लागणारं खास पोलाद १९७७ पासून शिमाने प्रांतात एक संस्था जुन्या पद्धतीच्या भट्टीत हिवाळ्यात काढते. इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी नवं बांधतात तेव्हा देवाच्या तलवारीही नव्या घडवतात. शेवटचं नवं देऊळ २०१३ मध्ये झालं, पुढचं २०३३ मध्ये. म्हणजे प्रत्येक पिढीच्या लोहाराला आयुष्यात एकदा तरी देवाचं काम हमखास मिळतं. देवळाला नवं करायची प्रथा लोहाराच्या पोटाशी बांधून ठेवणं, ही चतुराई मला फार आवडली. आपल्याकडे खंडोबाला, भवानीला भक्त तलवारी वाहतात. त्या कुणी घडवलेल्या असाव्यात याचा विचार एखाद्या देवस्थानाने केला तर काय होईल?

पोलाद संपलं तर हात असूनही काम मरतं, याचा दाखला आपल्या देशातच आहे. दख्खनचं प्रसिद्ध वुट्झ पोलाद, ज्याच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. त्याचे नमुने १७९४ मध्ये मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवले. पुढे १८१९-२० च्या सुमाराला तरुण मायकेल फॅरेडे त्यामागे लागला. फॅरेडेचा बाप लोहार होता, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं. रहस्य त्यालाही पुरतं उलगडलं नाही. ते १९९० च्या दशकात अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ व्हरहोवन आणि घोड्यांना नाल ठोकणारा लोहार अल्फ्रेड पेंड्रे यांनी मिळून सोडवलं. ती नक्षी यायला पोलादात व्हॅनेडियमसारख्या धातूंचा नुसता अंश लागतो, आणि त्यांच्या मते तो ठरावीक खाणींच्या खनिजातूनच येत होता. त्या खाणी आटल्या आणि लोहार तेच हात, तीच भट्टी, तेच घाव घालत राहिले. नक्षी येईना. का येईना हे त्यांना कधीच कळलं नाही. प्राध्यापक आणि नालवाला एका बाकावर बसले तेव्हा कळलं. चिंचणीचा डायमेकर, एमआयडीसीतला धातुतज्ज्ञ आणि ताडपत्रीखालचे मामा एका बाकावर कधी बसतील?

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरी आहेत. त्यात लोहार आहे, हातोडे-अवजारं करणारा वेगळा आहे आणि अस्त्रकार आणखी वेगळा. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज. मामांना मी विचारलं. त्यांना ऐकून माहीत होतं, पण फिरत्या बिऱ्हाडाचा पत्ता कुठला लिहायचा, इथे गाडी अडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला. राज्यफूल जारूळ, राज्यप्राणी शेकरू, तसं राज्यशस्त्र. जारूळ लावायला आणि शेकरू जपायला वनखातं आहे. राज्यशस्त्र घडवायचं कुणी, त्याला परवाना कुठल्या खिडकीवर, बोथट पट्ट्याला तो लागतो की नाही, हे आखाड्यात शिकवणाऱ्या वस्तादाला आणि त्याच्या लोहाराला सोप्या मराठीत एका पानावर लिहून द्यायला हवं. कायदा खेळण्यासारख्या, पुन्हा हत्यार न होऊ शकणाऱ्या वस्तूंना शस्त्र मानत नाही. पण बोथट पट्टा त्यात बसतो का, हे ठरवतो तो त्या दिवशी ठाण्यात असलेला अंमलदार.

मला विचाराल तर तलवारीच्या प्रतिकृतीला वाचवायची काळजी आधी करू नये. मामांचा कोयता विकला गेला पाहिजे. भातकापणीच्या तोंडावर बाजारात बाहेरून पोत्याने येणारे, यंत्रावर छापलेले विळे त्यांच्या विळ्याच्या निम्म्या किमतीत मिळतात. ते एका हंगामात झिजतात, पण शेतकरी हंगामापुरतंच बघतो. त्याला दोष देता येत नाही. मामांचा मुलगा बोईसरला एका कारखान्यात कंत्राटावर लागला आहे. वाढवणला बंदर होणार म्हणतात, तिथेही कामं निघतील. घणाला हात देणारं तिसरं माणूस आता घरात नाही. ज्या दिवशी मावशी घण ठेवतील त्या दिवशी पालघरच्या या कोपऱ्यातून कोयता जाईल, आणि त्याच्याबरोबर पाण्याचा रंग ओळखणारा डोळा जाईल. मग कितीही पैसे घेऊन तलवार करवून घ्यायला निघालात तरी पत्र्याचीच मिळेल.

दोन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. एक, आपल्या वस्तुसंग्रहालयांनी शस्त्राखालच्या चिठ्ठीवर 'तलवार, अठरावं शतक' एवढंच लिहून थांबू नये. वजन लिहावं. पात्याची जाडी मुठीजवळ, मध्यावर आणि टोकाशी किती ती लिहावी, तोल कुठे आहे ते लिहावं. लोहाराला तेवढंच लागतं, आणि ते काचेबाहेरून मोजता येत नाही. दोन, तुमच्या घरात जुनं पातं असेल तर ते कुणाकडून घासून, निकेल चढवून चकचकीत करून घेऊ नका. शंभर वर्षांची तारीख त्या काळपटपणात असते. मोजा, लिहा, हलकं तेल लावा, नोंदणी करायची असेल तर करा.

घरी आल्यावर मी आमचा कोयता स्वयंपाकघराच्या काट्यावर ठेवला. नव्या मुठीसकट सहाशे दहा ग्रॅम. पाठीची जाडी शेंबीजवळ सहा मिलिमीटर, मध्यावर साडेचार, टोकाला तीन. तोल शेंबीपासून चार बोटं पुढे. आजोबांनी तो कुणाकडून घडवून घेतला, हे विचारायला आता घरात कुणी उरलेलं नाही.